आबांबरोबर बर्फातल्या छावण्या

25 डिसेंबर, डेलावेअरचा काठ

सकाळी उठून बघते तर आबांनी बूट पॉलिश करून दारात जोडीनं ठेवलेले. त्यांचेही आणि माझेही. नाताळचा दिवस, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून आम्ही बापलेक निघालो.

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यांच्या रेजिमेंटचं मूळ 1768 सालचं, मुंबईत कंपनी सरकारनं उभ्या केलेल्या शिपायांच्या पलटणीतलं. मी त्यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या ज्या जागा दाखवणार होते तिथल्या लढाया 1776 पासूनच्या. इथे आणि तिकडे राजा एकच होता आणि कवायतीची तऱ्हाही एकच. हे कळल्यापासून आबांनी माझ्याकडे धोसराच लावला होता की हॉटेलं-बिटेलं राहू दे, मला त्या छावण्या दाखव.

त्यांचा पहिला प्रश्न गाडीतच आला. "थंडीत लढाई काढली कशाला?"

प्रश्न अगदी नेमका होता. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, पुढचे सात-आठ महिने मुलूखगिरी आणि पावसाळ्यात छावणी. अठराव्या शतकातल्या युरोपात याच्या उलट. हिवाळा लागला की फौजा गावागावांत मुक्कामाला जायच्या आणि वसंत ऋतू आला की बाहेर पडायच्या. 1776 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती हाउ यानं तेच केलं. न्यू जर्सीत ठाणी बसवली आणि स्वतः न्यूयॉर्कला परतला. ट्रेंटनच्या ठाण्यात भाडोत्री जर्मन पलटणी, म्हणजे हेसियन, साधारण दीड हजार. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनची हरत हरत मागे आलेली फौज होती, आणि तिच्यातल्या बहुतेकांच्या नोकरीची मुदत 31 डिसेंबरला संपत होती. एक जानेवारीला फौजच उरणार नव्हती, म्हणून लढाई डिसेंबरात.

"मग बरोबर आहे," आबा म्हणाले.

नदी पाहून मात्र ते निराश झाले. डेलावेअर इथे काही फार रुंद नाही. अरुंद लोखंडी पुलावरून गाडी पलीकडे जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दर नाताळला इथे हौशी लोक जुने पोशाख घालून नदी ओलांडण्याचा प्रसंग उभा करतात. काठावर दोनतीनशे माणसं, लहान पोरं बापाच्या खांद्यावर. बोटी मात्र बघण्यासारख्या आहेत. डरहॅम बोटी म्हणतात त्यांना. लोखंड वाहायच्या बोटी, लांबट आणि तळाला उथळ. त्या रात्री माणसं त्यात उभीच होती. मार्बलहेडच्या कोळ्यांची ग्लव्हरची पलटण चालवायला होती. 2400 माणसं, 18 तोफा, घोडे, आणि पाण्यात बर्फाच्या लाद्या. मध्यरात्रीपर्यंत सगळं पलीकडे जायचं होतं. तोफा उतरेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. चार वाजता कूच झालं. आणखी दोन ठिकाणांहून दोन तुकड्या उतरायच्या होत्या, त्यांचा बेत बर्फानं हाणून पाडला.

मी आबांना त्या दिवशीचा लेखी हुकूम वाचून दाखवला. कूच करताना पूर्ण शांतता, आणि जो रांग सोडेल त्याला मृत्युदंड. मला वाटलं, ते म्हणतील फार कडक आहे. ते काठाला खाली उतरले, उकिडवे बसले आणि हात मनगटापर्यंत पाण्यात धरून ठेवला. मी मनात मोजत होते. वीस आकडे झाल्यावर त्यांनी हात बाहेर काढला. बोटं गाजरासारखी लाल झाली होती आणि मूठ वळत नव्हती.

"रांग सोडून जो बसतो ना, तो झोपतो," ते म्हणाले. "आणि झोपला की संपला. द्रासला आम्ही पोरांना लाथा घालून चालवलंय. पाया पडायची पोरं, पाच मिनिटं बसू द्या म्हणायची. तो हुकूम शत्रूसाठी नाही, थंडीसाठी आहे."

त्या रात्रीच्या वाटचालीत दोन शिपाई गारठून मेले. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत वॉशिंग्टनचा एकही माणूस पडला नाही, पण वाटेवर हे दोघं गेले. त्या हुकुमाकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

26 डिसेंबर, ट्रेंटन

नऊ मैलांची वाट. सगळी चालायचा आबांचा हट्ट होता, पण रस्त्याला पदपथ नाही आणि गाड्या वेगात जातात, त्यामुळे बेअर टॅव्हर्न रोडवर जेकब्स क्रीकपाशी गाडी लावली आणि थोडंच चाललो. ओहोळ खोल घळीत आहे. इथे तोफा दोर बांधून, दोराचे वेढे झाडांना देऊन उतरवाव्या लागल्या आणि पलीकडे ओढून चढवाव्या लागल्या. अंधारात, गारांच्या माऱ्यात आणि तोंडातून आवाज न काढता. आबांनी उताराकडे बघून नुसती मान हलवली.

पुढे फौजेचे दोन भाग झाले. जनरल ग्रीन वरच्या पेनिंग्टन रस्त्यानं, जनरल सलिव्हन नदीकाठानं. वाटेत सलिव्हननं निरोप धाडला की बंदुकांची दारू भिजली आहे. वॉशिंग्टनचं उत्तर आलं की संगिनी लावा, ट्रेंटन घ्यायचंच आहे. सकाळी आठच्या सुमारास दोन्ही तुकड्या दोन बाजूंनी आणि जवळजवळ एकाच वेळी गावात शिरल्या. घड्याळं जुळवणं कठीण, रात्रभराची वाट, त्यात बर्फ. तरी काही मिनिटांचा फरक. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं. राल नावाचा हेसियन कर्नल जखमी होऊन त्यातच गेला, बावीस हेसियन मेले आणि सुमारे नऊशे कैद झाले.

हेसियन नाताळची दारू पिऊन तर्र पडले होते असं इथं अजूनही शाळेतल्या पोरांना सांगतात. ते खरं नाही. आठवडाभर रोज कुठून तरी गोळीबार व्हायचा, रोज धावपळ. ती माणसं अंगावरच्या पट्ट्यांसकट झोपत होती. ती थकली होती, झिंगलेली नव्हती. हरलेल्या शिपायावर दारूचा आळ घेणं फार सोपं असतं आणि मला ते आवडत नाही. उलट रम सापडली ती जिंकलेल्यांना. पिंपं फोडून टाका असा हुकूम सुटेपर्यंत बऱ्याच जणांनी आपली तहान भागवली होती, आणि त्याच अवस्थेत त्यांना पुन्हा नदी ओलांडायची होती.

ट्रेंटनमधल्या जुन्या बराकी 1758 च्या, दगडी, अजून उभ्या आहेत. आबा तिथे बराच वेळ रेंगाळले. खिडक्या, जिने, एका खोलीत किती माणसं मावतील याचा हिशेब चालला होता. बेळगावच्या आठवणी निघाल्या. मी त्यांना चार दिवसांनंतरची गोष्ट सांगितली. 30 डिसेंबरला वॉशिंग्टननं मुदत संपत आलेल्या पलटणीपुढे उभं राहून आणखी सहा आठवडे थांबा म्हणून विनवलं, वर माणशी दहा डॉलर देऊ केले. थांबणाऱ्यांनी पुढे यावं म्हणून ढोल वाजला. एकही माणूस हलला नाही. तो घोडा वळवून पुन्हा आला, पुन्हा बोलला. मग एक पुढे झाला, दोन झाले, आणि मग बरेच.

"पहिल्यांदा हलले नाहीत, त्यांना काही केलं नाही?" आबांनी विचारलं.

नाही केलं. मुदत संपत होती, करार संपत होता. घरी जायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

27 डिसेंबर, प्रिन्स्टन

घरापासून जवळ, अर्ध्या दिवसाचं काम. 2 जानेवारी 1777 ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस मोठी फौज घेऊन ट्रेंटनला येऊन थडकला. हाच पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला त्याच्या जोडीला मराठ्यांची फौज होती, आणि त्याची कबर गाझीपूरला आहे. आबांना हे ठाऊक होतं. "तोच का हा?" म्हणून ते एकदम जागे झाले.

त्या दिवशी वितळलेल्या बर्फाचा चिखल इतका होता की तोफा हलेनात. रात्री वारा फिरला आणि रस्ता दगडासारखा गोठला. वॉशिंग्टननं शेकोट्या पेटत्या ठेवल्या, खोदकामाचे आवाज करायला थोडी माणसं मागे ठेवली, तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या आणि सगळी फौज कॉर्नवॉलिसच्या बगलेतून काढून पहाटे प्रिन्स्टनला नेली. आबा लढाईच्या मैदानावर फार वेळ थांबले नाहीत. त्यांचं लक्ष चिंध्यांवर होतं. "चिंध्या आणल्या कुठून? अंगावरच्याच असणार," असं ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले.

29 डिसेंबर, व्हॅली फोर्ज

आदल्या रात्री मी घरी फायरकेक करून पाहिला. पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही, गोळा थापून तापलेल्या दगडावर. मी पिझ्झाचा दगड ओव्हनमध्ये ठेवला होता. बाहेरून करपला, आत पीठ कच्चं, आणि गार झाल्यावर विटेचा तुकडा. आबांनी दाढेखाली धरून अर्धा खाल्ला आणि उरलेला रुमालात बांधून बरोबर घेतला. 1777 च्या डिसेंबरात ही फौज इथे आली तेव्हा कित्येक दिवस एवढंच मिळत होतं.

19 डिसेंबरला सुमारे अकरा-बारा हजार माणसं या टेकड्यांवर पोचली. चारच दिवसांनी वॉशिंग्टननं काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कळवलं की पायात जोडे नाहीत, अंगात कपडे नाहीत म्हणून 2898 माणसं कामावर उभी राहू शकत नाहीत. एवढा नेमका आकडा बघून आबा म्हणाले, "रोज हजेरी घेत होते म्हणजे. हजेरी आहे तोवर फौज आहे."

पुन्हा बांधलेल्या लाकडी झोपड्यांत आत जाता येतं. चौदा फूट बाय सोळा फूट, बारा माणसं. भिंती ओंडक्यांच्या, फटींत चिखल भरलेला, टोकाला चूल. दर पलटणीत सगळ्यात लवकर आणि चांगली झोपडी उभारणाऱ्यांना बारा डॉलरचं बक्षीस लावलं होतं. आबा आत शिरले आणि सरळ खालच्या फळीवर आडवे झाले. फळीला त्यांचे खांदे टेकत होते, पण कूस बदलायला जागा नव्हती. वर तोंडाशी दुसऱ्याची फळी. पाच मिनिटं तसेच पडून होते. मग उठून त्यांनी चुलीजवळची जमीन बुटानं खरवडली आणि विचारलं, "संडास कुठं होते?"

मी थक्क झाले, कारण या छावणीची खरी गोष्ट तीच आहे. चित्रांमध्ये व्हॅली फोर्ज म्हणजे नुसता बर्फ. खरं तर तो हिवाळा इथल्या मानानं मध्यमच होता. सहा महिन्यांत सुमारे दोन हजार माणसं मेली ती मुख्यतः रोगानं: टायफस, विषमज्वर, हगवण. आणि त्यातली जास्त माणसं उन्हाळ्याकडे, हवा उबदार व्हायला लागल्यावर गेली. मेलेले घोडे पडून होते, घाण जिथे तिथे, स्वयंपाक त्याच्या शेजारी.

23 फेब्रुवारी 1778 ला फॉन श्टॉयबेन नावाचा प्रशियन अधिकारी आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये शिव्या द्यायचा आणि वॉकर नावाचा कॅप्टन शेजारी उभा राहून त्यांचं इंग्रजी करायचा. त्यानं शंभरएक माणसं निवडली, त्यांना स्वतः शिकवलं, मग त्यांनी इतरांना. छावणीची आखणीही ठरवून दिली. झोपड्यांच्या रांगा, मधून रस्ते, एका बाजूला स्वयंपाक आणि विरुद्ध बाजूला, उताराकडे, संडास.

अधिकाऱ्यानं हातात बंदूक घेऊन स्वतः शिपायाला शिकवायचं, हे इंग्रजी पद्धतीत बसत नव्हतं. तिथे ते सार्जंटचं काम. आबांना ही गोष्ट फार भावली. बेळगावला ड्रिल शिकवणाऱ्याला पोरं उस्ताद म्हणतात. "हा उस्तादच की," ते म्हणाले. श्टॉयबेननं आपल्या देशातल्या मित्राला लिहिलं होतं की तिकडे शिपायाला 'हे कर' म्हटलं की तो करतो, इथे 'हे का करायचं' ते आधी सांगावं लागतं, मग तो करतो. आणि 1779 मध्ये त्यानं छापलेल्या कवायतीच्या नियमावलीत कॅप्टनचं पहिलं कर्तव्य लिहिलं आहे: आपल्या माणसांचं प्रेम मिळवणं. त्यांची नावं, स्वभाव माहीत असावेत, आजारी माणसाची विचारपूस व्हावी.

याच फौजेत फटकेही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. 1775 मध्ये जास्तीत जास्त 39 फटके, 1776 च्या नव्या कायद्यानं शंभर. मारायचं काम ढोल वाजवणाऱ्यांकडे, आणि सगळी पलटण समोर उभी. मी आबांना विचारलं की फटक्यांनी शिस्त राहते का. ते परेडच्या मैदानाकडे, श्टॉयबेनच्या पुतळ्याकडे बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भीतीनं पोरगा उभा राहतो. पण रात्री पहाऱ्यावर कुणी बघत नसताना जागा राहतो ना, ते भीतीनं नाही होत."

मार्च 1778 मध्ये नॅथनेल ग्रीन रसदीचा प्रमुख झाला आणि गाड्या, रस्ते, बैल यांचं जरा बस्तान बसलं. लढवय्या सेनापतीला हे काम कमीपणाचं वाटलं होतं. माझ्या मते त्या वर्षी त्याच्याइतकं मोठं काम कुणी केलं नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात या फौजेची मुख्य छावणी मिडलब्रुकला होती, माझ्या घरापासून वीसेक मिनिटांवर. तो जानेवारी 1779 चा. त्याच जानेवारीत बोरघाट चढून पुण्यावर निघालेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी दाणा-वैरणीला मोताद केलं, तळेगाव स्वतःच्या हातानं जाळलं आणि वडगावला महादजी शिंद्यांनी तह लिहून घेतला. आदल्या हिवाळ्यात इथला शिपाई पिठासाठी बर्फात, आता तिथला इंग्रज शिपाई मावळातल्या कोरड्या उन्हात, दोघांचीही अडचण एकच. आबा म्हणाले की वडगाव त्यांना रेजिमेंटमध्ये शिकवलं होतं, पण व्हॅली फोर्जच्या शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

1 जानेवारी, जॉकी हॉलो

आज इमारती बंद, पण रानातल्या वाटा खुल्या. रात्रभर बर्फ पडलेला, आमच्या आधीचं एकच पाऊल, तेही हरणाचं. गाडीतून उतरल्यावर आबांनी मला खाली बसवलं, बूट काढायला लावले, पायमोजे तपासले आणि उजवा मोजा किंचित ओला आहे म्हणून बदलायला लावला. माझं वय चव्वेचाळीस.

वॉशिंग्टनच्या फौजेची 1779-80 ची हिवाळी छावणी इथे होती, आणि तो हिवाळा अजून लोकांच्या तोंडी आहे. 28 वेळा बर्फ पडला. न्यूयॉर्कचं बंदर गोठलं. जानेवारीच्या सुरुवातीच्या वादळात माणसं तंबूंसकट बर्फाखाली गाडली गेली, कारण सगळ्या झोपड्या अजून बांधून झाल्या नव्हत्या. एका कनेक्टिकटच्या शिपायानं लिहून ठेवलंय की चार दिवस आणि चार रात्री बर्च झाडाच्या सालीखेरीज त्याच्या पोटात जवळजवळ काही गेलं नाही. कुणी जोडे भाजून खाल्ले. वॉशिंग्टननं लिहिलं की गवत सोडून घोड्याचं सगळं खाणं माणसांनी खाल्लं. तशात वॉशिंग्टनचा सेनापती लॉर्ड स्टर्लिंग जवळजवळ तीन हजार माणसं पाचशे घसरगाड्यांत घालून गोठलेल्या खाडीवरून स्टेटन आयलंडवर चालून गेला. इंग्रज आधीच सावध होते. हाती फारसं काही लागलं नाही, माणसांचे हातपाय तेवढे गारठले.

टेकडीच्या चढावर पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींच्या झोपड्या आहेत. इथे मी आबांना सांगायचं ते राखून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी, 1 जानेवारी 1781 च्या रात्री, याच उतारावरून पेनसिल्व्हेनियाचे सुमारे दीड हजार शिपाई बंड करून बाहेर पडले.

"पगार?" आबांनी लगेच विचारलं.

जवळजवळ वर्षभर नव्हता. आणि भरतीच्या कागदावर 'तीन वर्षं किंवा लढाई चालेतोवर' असं होतं. शिपाई म्हणत, तीन वर्षं झाली, आम्ही मोकळे. अधिकारी म्हणत, लढाई संपलेली नाही. त्या झटापटीत अ‍ॅडम बेटिन नावाचा कॅप्टन मारला गेला, त्याची खूण रस्त्याच्या कडेला आहे. त्यांचा जनरल वेन त्यांना अडवायला पिस्तूल घेऊन पुढे झाला, तर त्यांच्या संगिनी त्याच्या छातीशी.

आणि मग जे झालं ते ऐकताना आबा जागच्या जागी थांबले. हे दीड हजार लोक पांगले नाहीत. त्यांनी सार्जंटांचं मंडळ नेमलं, रांगा धरल्या, तोफा मध्ये घेतल्या, पहारे लावले आणि ढोल वाजवत प्रिन्स्टनकडे निघाले. इंग्रजांनी दोन माणसं पाठवून थकलेला पगार देतो, आमच्याकडे या म्हटलं. त्यांनी ती दोन माणसं धरून दिली. दोघांना फाशी झाली. त्याबद्दल सोन्याच्या गिन्न्यांचं बक्षीस देऊ केलं तेही सार्जंटांनी घेतलं नाही. शेवटी निम्म्याहून जास्त माणसांना सुटका मिळाली.

"हवालदारांनी चालवली फौज," आबा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी रुमालातला फायरकेकचा तुकडा काढला, जरा हातात धरला आणि झोपडीच्या उंबऱ्यावर ठेवला.

परतताना बर्नर्ड्सव्हिलवरून आलो. बंडवाल्यांचा पहिला मुक्काम इथेच, तेव्हा गावाचं नाव व्हीलटाउन होतं. गाडीत मी उरलेलं सांगितलं. वीस दिवसांनी पॉम्प्टनला न्यू जर्सीच्या पलटणींनी तेच केलं. या वेळी वॉशिंग्टननं न्यू इंग्लंडची, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांची, फौज बर्फातून पाठवून पहाटे झोपड्यांना वेढा घातला. दोघांना जागेवर गोळ्या घालायच्या होत्या. गोळ्या घालायला बंडातलेच बारा सगळ्यात दोषी शिपाई निवडले. सहाजणांनी आधी झाडायच्या, तीन डोक्याला, तीन छातीला. उरलेले सहा राखीव. बंदुका भरायला सांगितलं तेव्हा ते रडत होते.

आबा खिडकीतून बाहेर बघत होते. बराच वेळ वायपरचा आवाज तेवढा येत होता.

"त्यांना तरी पगार मिळाला होता?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचाही थकला होता."

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि काल आलेला पेन्शनचा मेसेज पुन्हा उघडून वाचला. मग फोन खिशात ठेवून मला म्हणाले, "घरी गेल्यावर बूट हीटरजवळ ठेवू नको. आत कागद कोंब."